पहिल्या दिवशीचा डॉक्टर



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही यंत्रमाग कामगारांच्या मजुरीवर बोलावे. आम्ही विषय कळवला तो डॉक्टरच्या फीचा. त्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने विचारले की, हा विषय एखाद्या डॉक्टरसाहेबांकडे दिला तर बरे नव्हे काय? त्यांची शंका गैर नव्हती. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते मागावर, मोर्च्यात आणि नगरवाचनालयात. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु संघटनेच्या कचेरीत तीस वर्षे बसून एक गोष्ट पक्की कळली आहे. मजुरीच्या भांडणाच्या खालोखाल आमच्याकडे जे गाऱ्हाणे येते ते आजारपणाचे असते. कामगाराला मालकाकडून उचल कशासाठी हवी असते? लग्नासाठी आणि आजारपणासाठी. ती उचल फिटेपर्यंत त्याला खाते सोडता येत नाही, आणि खाते सोडता येत नाही म्हणून दर वाढवून मागता येत नाही. तेव्हा आम्ही विषय बदललेला नाही. मजुरीच्याच विषयात आम्ही मागच्या दाराने शिरलो आहोत.

यंत्रमागाच्या पेठेत ज्यांचा दवाखाना आहे अशा एका डॉक्टरांनी एकदा आम्हांला आपली वही दाखवली. नावे झाकून नुसते आकडे दाखवले. पगाराच्या संध्याकाळी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर उभे राहायला जागा नसते, आणि पगाराच्या आदले दोन दिवस कंपाउंडर माशा मारीत बसलेला असतो. आता ताप काही पगाराची तारीख पाहून येत नाही. पोर तापते तेव्हा तापते. आई मात्र पगार हातात येईपर्यंत थांबते. मधले दोन-तीन दिवस सुंठीचा काढा, मेडिकलवाल्याकडून सुटी घेतलेली गोळी, आणि फारच झाले तर शेजारणीच्या घरात उरलेल्या बाटलीतले दोन चमचे.

एका भेटीचा हिशेब मांडून पाहू. डॉक्टरांची फी २०० रुपये धरा. लिहून दिलेले औषध ३५० चे. जाण्यायेण्याची रिक्षा ८०. हे झाले ६३०. सुखवस्तू माणसाचा हिशेब इथे संपतो, आमचा संपत नाही. कांड्या भरणारी बाई पोराला घेऊन दवाखान्यात बसली की तिचा दिवस गेला. नवरा गेला तर त्याची पाळी गेली. आणि मागावरची मजुरी विणलेल्या मीटरावर असल्यामुळे माग थांबला की मजुरीही थांबते. आजारपणाची भरपगारी रजा हे शब्द त्या गल्ल्यांत कुणी ऐकलेले नाहीत. बुडालेले ५०० त्यात मिळवा. ११३० रुपये झाले. महिन्याला १२ हजार मिळवणाऱ्या घराची ही जवळजवळ अडीच दिवसांची कमाई. डॉक्टरांनी पुन्हा तीन दिवसांनी दाखवायला सांगितले असेल, तर ते सांगणे बहुधा हवेत विरते.

सुशिक्षित मंडळी म्हणतात की या बायका अडाणी आहेत, त्यांना दुखणे कळत नाही. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. तिला दुखणे कळते आणि हिशेबही कळतो. उद्या सकाळी पोर आपोआप उतरेल, दहांपैकी आठ वेळा उतरतेही, हे ती जाणते. त्या आठ वेळांच्या भरवशावर ती उरलेल्या दोन वेळांचा जुगार खेळते. तिच्या जागी आपण असतो तर निराळे काही केले असते, असे निदान आम्हांला तरी छातीठोकपणे म्हणवत नाही.

आमच्या सभासदांपैकी एका कुटुंबातले चौदा महिन्यांचे पोर असेच पगारापर्यंत थांबले. खोकला, मग ताप, मग अंगावर पिणे सुटले. पगाराच्या संध्याकाळी डॉक्टरकडे नेले तेव्हा त्यांनी आत न घेताच रुग्णालयाचा रस्ता दाखवला. न्यूमोनिया होता. अकरा दिवस ते पोर तिथे होते. बिल सरकारी योजनेतून भागले, घरातून दमडी द्यावी लागली नाही, आणि त्याबद्दल आम्ही योजनेचे आभारीच आहोत. पोर वाचले. पण त्या अकरा दिवसांत आईबापांपैकी एक सतत रुग्णालयात आणि दुसरा अर्धा वेळ तिथे. घरी चूल पेटण्यासाठी उचल काढावी लागली आणि ती उचल पुढे वर्षभर वळत राहिली. पहिल्या दिवशीच्या खोकल्याला हजार रुपये नव्हते. शेवटच्या दिवसाच्या न्यूमोनियाला सरकारने हजारो रुपये दिले. हे पोर तरी घरी परत आले. सगळीच येत नाहीत, हे या सभागृहातल्या डॉक्टरमंडळींना आम्ही सांगायला नको.

आज आपण ज्या मुद्द्यावर बोलत आहोत तो हाच आहे. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे छत्र. या योजना मोठ्या आहेत आणि त्यांच्याविरुद्ध बोलणारा माणूस गरिबांचा मित्र नव्हे. परंतु त्यांची सगळी रचना खाटेवर उभी आहे. रोगी खाटेवर निजला की योजना जागी होते. तो पायांनी चालत डॉक्टरच्या दारात जातो, तोवर ती झोपलेली असते. हृदयाची शस्त्रक्रिया मोफत आणि खोकल्याचे औषध विकत, अशी ही तऱ्हा. सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, मान्य करू. पण खिशातून जाणाऱ्या या रुपयाचा मोठा भाग औषधाच्या दुकानात आणि बाहेरच्या बाकावर बसून केलेल्या उपचारावर जातो.

मुलांच्या बाबतीत तर पहिल्या दिवसाचे मोल फार निराळे आहे. मोठ्या माणसाचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते, त्याला उशीर थोडाफार सोसतो. तान्ह्या पोराला दोन दिवसांचा उशीर सोसत नाही. न्यूमोनिया ओळखण्याची जागतिक आरोग्य संघटनेची खूण कुणालाही शिकता येण्यासारखी आहे. पोर शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला, तर आता काढ्याने भागणार नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, पोर पीत नसेल, तर मोजतही बसू नये. येथे बसलेल्या आयाबहिणींनी एवढे लक्षात ठेवले तरी आजची संध्याकाळ फुकट गेली असे आम्ही मानणार नाही.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच खेड्यातल्या माणसांना शिकवले. श्वास मोजायला आणि ठरलेले औषध द्यायला गावातलाच माणूस तयार केला, आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यामुळे घटले, हे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आकड्यांनिशी मांडले. पुढे नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेण्याचा प्रयोग झाला; त्यात तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अहवाल १९९९ चा. त्यांनी मोठे रुग्णालय आणून गावात ठेवले नाही. पहिल्या दिवशीचा माणूस गावात ठेवला. जंगलातल्या खेड्यात जे साधले ते आमच्या वीज, नळ, रिक्षा असलेल्या पेठेत साधत नाही, याचे वाईट वाटते.

कुणी म्हणेल, सरकारी दवाखाना आहे की! आहे. राज्य शासनाच्या आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार मोफत केले. केसपेपरचे पैसेसुद्धा सोडले. चांगले पाऊल होते. पण मघाचा हिशेब पुन्हा काढा. २०० ची फी गेली, ३५० चे औषध मिळाले तर तेही गेले. बुडालेले ५०० तसेच राहिले, कारण बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ सकाळची. सकाळी माग चालू असतो. आमच्या माणसाला या फुकट दवाखान्याची फी पडते ती एक पाळी. मुंबई महापालिकेने २०२२ च्या अखेरीस 'आपला दवाखाना' या नावाने जे दवाखाने सुरू केले, ते सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० असे दोन पाळ्यांत चालवायचे ठरले. ज्याने ही वेळ ठरवली त्याने कामगाराच्या घरातले घड्याळ पाहिले असावे. नुसती वेळ बदलली तरी किती रुपये वाचतात, हे अर्थसंकल्पात कुठे दिसत नाही. आमच्या बायकांच्या पदराच्या गाठीत दिसते.

आता एक आक्षेप, जो आम्हांला प्रत्येक सभेत ऐकू येतो. फुकटाची किंमत नसते; दहा-वीस रुपये तरी फी ठेवा, म्हणजे लोक उगाच गर्दी करणार नाहीत. हे बोलणारे बहुधा भले लोक असतात. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात नेमका हाच प्रयोग केला. काही कुटुंबांना चिठ्ठी टाकून मोफत उपचार दिले, काहींना खर्चाचा कमीजास्त वाटा उचलायला लावला. ज्यांना पैसे पडले ती माणसे डॉक्टरकडे कमी वेळा गेली, हे खरे. पण त्यांनी अनावश्यक फेऱ्या टाळल्या आणि आवश्यक तेवढ्या केल्या असे घडले नाही. दोन्ही सारख्याच टाळल्या गेल्या. आणि रक्तदाब असलेल्या गरीब माणसांची प्रकृती मोफत उपचारात अधिक सुधारली. म्हणजे फीची चाळणी गर्दी कमी करते, पण चाळताना गहू आणि खडा यांत भेद करीत नाही. आणि सुखवस्तू माणसाला ती चाळणी लागतही नाही.

गर्दीच्या बाबतीत आमच्या लोकांची एक खोड मात्र सांगितली पाहिजे, कारण ती न सांगणे म्हणजे सभेत टाळ्या घेऊन घरी जाणे. आमचा कामगार डॉक्टरकडे गेला की सुई मागतो. अंगात कणकण असली की सलाईन लावा म्हणतो. नुसता सल्ला देऊन, मिठासाखरेचे पाणी पाजायला सांगून कुणी परत पाठवले, तर तो डॉक्टर कच्चा ठरतो. जुलाब झालेल्या पोराला दवाखान्यातल्या बाटलीपेक्षा क्षारसंजीवनीचे पाकीट आणि १४ दिवस जस्ताची गोळी अधिक उपयोगी पडते, आणि तिची किंमत चहाच्या कपाइतकी. ३५० रुपयांच्या चिठ्ठीत टॉनिकची बाटली आणि गरज नसलेले इंजेक्शन किती रुपयांचे, हा हिशेब डॉक्टरांनी द्यावा आणि आमच्या लोकांनीही मागायला शिकावे.

कामगार चळवळीचा आणि औषधोपचाराचा संबंध आम्ही आज ओढूनताणून जोडीत आहोत, असे कुणाला वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, हे आपणांस ठाऊक असते. पण मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी रोग्यांसाठी रुग्णालय चालवले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगने ते गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एका महिन्यानंतर, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. आमची परंपरा ही आहे.

विलायतेतही तसेच. वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचे कोळसाखाणींचे गाव आहे. तिथल्या खाणकामगारांनी १८९० च्या सुमारास वैद्यकीय साहाय्य मंडळ उभारले. पगाराच्या पौंडामागे काही पेनी कापून घ्यायच्या आणि त्या पैशांतून डॉक्टर, परिचारिका, औषध, पुढे रुग्णालय चालवायचे. डॉक्टरचा पगार मंडळ देई. रोग्याने दारात पाकीट उघडायचे नाही. पुढे पुढे तर खाणीबाहेरची माणसेही सभासद झाली आणि जवळजवळ सगळे गाव त्या छत्राखाली आले. कादंबरीकार क्रोनिन हे तरुणपणी तिथे डॉक्टर होते, हेही सांगून ठेवतो. त्याच गावातला, तेरा-चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्युरिन बेव्हन नावाचा पोरगा पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने सगळ्या ब्रिटनसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. तीन वर्षांनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने चष्मे आणि दातांच्या कवळ्या यांवर पैसे आकारायचे ठरवले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. एवढ्याशा गोष्टीसाठी राजीनामा? आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांलाही नवल वाटले. पण दारातला पहिला पैसा माणसाला कसा थोपवतो, हे त्यांनी खाणीच्या गावात पाहिले होते. इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीवर पैसे पुढे बसलेच. वेल्सने मात्र १ एप्रिल २००७ पासून ते काढून टाकले.

आपल्या देशातले उदाहरण छत्तीसगडातले. दल्ली राजहरा येथे लोखंडाच्या खाणी आहेत. ठेक्यावरच्या खाणमजुरांची संघटना १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि त्याच वर्षी जूनच्या आरंभी गोळीबारात अकरा माणसे गेली. त्यांच्या नावाने मजुरांनी प्रथम, १९८२ च्या २६ जानेवारीस, संघटनेच्याच जागेत दवाखाना उघडला आणि ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू केले. आरंभी पंधरा खाटा. पैसा मजुरांच्या वर्गणीचा, विटा वाहिल्या त्या मजुरांनी आणि त्यांच्या बायकांनी. डॉक्टर आले ते पदवीधर, ध्येयाने आलेले तरुण. तिथे आणखी एक काम झाले जे आम्हांला इमारतीहून मोठे वाटते. गरज नसलेली सुई, गरज नसलेले टॉनिक यांविरुद्ध संघटनेनेच वस्त्यांतून प्रचार केला. मजुराने मजुराला सांगितले, तेव्हा ते पटले. नियोगी यांचा १९९१ च्या सप्टेंबरात खून झाला. रुग्णालय त्यांच्यामागेही चालू राहिले.

परंतु वर्गणीच्या दवाखान्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. गरिबांनी गरिबांकडून गोळा केलेल्या पैशाला तळ लवकर लागतो. पाचशे घरे धरा. घरटी महिन्याला १०० रुपये काढले तर ५० हजार जमतात. संध्याकाळी दोन-तीन तास बसणारा डॉक्टर, एक परिचारिका आणि नावाच्या झगमगाटाशिवायची जेनेरिक औषधे, एवढे त्यात जेमतेम बसेल. पावसाळ्यात तापाची साथ आली की औषधांचा डबा पंधरवड्यात रिकामा. म्हणून वर्गणी कामगाराची असावी, पण केवळ कामगाराची असू नये. ज्याच्या मागावर तो राबतो त्याचाही हात त्या डब्यात पडला पाहिजे.

आणि तसा कायदा आपल्या देशात पाऊणशे वर्षांपूर्वी झालेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सभासद असताना प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल तयार केला. तो १९४४ साली सादर झाला. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपुरात योजनेचे उद्‌घाटन केले, मुंबईत ती १९५४ साली आली. प्रथम उपचार एकट्या कामगाराला मिळत. बायकापोरांपर्यंत ते १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने पोचले. मुंबईने त्यात पॅनेलची पद्धत घेतली. कामगाराने आपल्या वस्तीतला यादीवरचा डॉक्टर निवडायचा, आणि डॉक्टरला सरकारने नोंदलेल्या माणशी ठरावीक रक्कम द्यायची. रोगी आला तरी तेवढीच, न आला तरी तेवढीच. या पद्धतीवर आमची माणसे विनोद करतात, पॅनेलच्या डॉक्टरकडे सगळ्या रोगांना एकाच रंगाची गोळी असते म्हणतात. विनोदात थोडे तथ्य असेल. तरीही तिच्यातली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते: डॉक्टर वस्तीत आहे, संध्याकाळी उघडा आहे, आणि दारात पैसे मागत नाही. शिवाय आजारपणात बुडालेल्या मजुरीपैकी ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, ही योजना भरून देते. मघाच्या हिशेबातली फी, औषध आणि बुडालेली मजुरी या तिन्हींवर बोट ठेवणारी दुसरी योजना आम्हांला माहीत नाही.

मग अडले कुठे? दहा या आकड्यावर. ज्या कारखान्यात दहा माणसे आहेत तिथे कायदा लागू. यंत्रमागाच्या धंद्यात एका छपराखालचे माग भावाच्या, भावजयीच्या, मुलाच्या नावाने वाटून दाखवलेले असतात, आणि प्रत्येक नावावर सहा-सात माणसे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, कुठल्याही यंत्रमागाच्या गावी जा, हे दृश्य आपणांस दिसेल. खर्चीवाले छोटे मालक तर स्वतःच मागावर उभे असतात. त्यांच्याकडे खरोखरच चार माणसे असतात आणि त्यांची स्वतःची पोरेही त्याच पगाराच्या तारखेची वाट पाहत असतात. त्यांना आम्ही शत्रू मानीत नाही.

यावर वाट नाही असे नाही. आपल्या राज्यात हमाल-माथाडींना एक मालक नसतो. आज या अडत्याचे पोते, उद्या त्या अडत्याचे. तरी १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे झाली, आणि मजुरीवर ठरावीक लेव्ही व्यापाऱ्याकडून वसूल करून तिच्यातून हमालाच्या सवलती भागू लागल्या. पुण्यात हमालांना संघटित करणारे बाबा आढाव पेशाने डॉक्टर होते, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. विखुरलेला कामगार विम्यात बसत नाही, हे म्हणणे त्या दिवसापासून खोटे ठरले आहे.

दुसरी वाट नव्या कायद्यात आहे. १९४८ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. त्या संहितेतल्या कामगारविरोधी गोष्टींवर आम्ही अन्यत्र पुष्कळ बोललो आहोत, इथे बोलत नाही. पण तिच्यात एक कलम असे आहे की, दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणीसुद्धा मालक आणि बहुसंख्य कामगार यांनी मिळून संमती दिली तर विमा लागू करता येतो. या कलमाचा उपयोग करून घेणे सरकारच्या नव्हे, आपल्या हातात आहे.

पैशाचे काय, असे मालक विचारतात. २०१९ च्या जुलैपासून वर्गणीचा दर उतरला: मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. १२ हजारांच्या मजुरीवर मालकाचे महिन्याला ३९० रुपये आणि कामगाराचे ९०. दोघांचे मिळून ४८०. आणि मघाशी आपण एका तापाच्या भेटीचा हिशेब केला तो ११३० रुपयांचा होता. माग बंद राहिल्याचे मालकाचे नुकसान त्यात धरलेले नाही. ते त्यांनी घरी जाऊन धरावे, त्यांना तो हिशेब आमच्यापेक्षा चांगला येतो.

औषधांच्या बाबतीत गावाने तमिळनाडूकडे पाहावे. तिथे राज्याचे वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ साली स्थापन झाले. ते औषधे ठोक खरेदी करते, तपासून घेते, आणि प्रत्येक दवाखान्याच्या पासबुकात त्याचा वाटा मांडलेला असतो. दवाखाना आपल्या खात्यातून गोळ्या उचलतो. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे सुरू केली तेव्हा हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवला होता. चिठ्ठी लिहून देणारा आणि गोळी देणारा एकाच छपराखाली असला की ३५० चा आकडा हिशेबातून निघून जातो.

आमच्या संघटनेने या वर्षी दोन मागण्या हाती घेतल्या आहेत. पहिली नगरपालिकेकडे: यंत्रमागाच्या पेठेतल्या आरोग्यकेंद्रात संध्याकाळी ६ ते रात्री ९ डॉक्टर आणि औषध देणारा माणूस दोघेही असावेत, आणि पाच वर्षांच्या आतल्या पोराला रांग नसावी. ही मागणी कामगारांपुरती नाही. या सभागृहात शिक्षक आहेत, दुकानांत काम करणारे आहेत, मोलकरणी ज्यांच्या घरी येतात अशा गृहिणी आहेत. मागणीपत्रावर तुमच्याही सह्या हव्यात. तुमच्याकडे काम करणारी बाई पोराच्या आजारपणाचा खाडा का करते, हे तिला एकदा विचारा आणि मग सही करा.

दुसरी मागणी मालकांकडे. दहाच्या आतल्या कारखान्यांनी संमती देऊन विमा घ्यावा. आजवर अकरा खात्यांतल्या कामगारांनी सह्या दिल्या आहेत. त्यांतल्या तीन मालकांनी तोंडी होकार दिला आहे, कागदावर अजून दिलेला नाही. त्यांपैकी एक मालक आज पहिल्या रांगेत बसलेले दिसतात. त्यांचे नाव आम्ही घेत नाही. संमतीच्या अर्जाचे कोरे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, शेजारी शाईचे पॅडही आहे, कारण आमच्या काही सभासदांना अजून अंगठाच उठवावा लागतो. टेबल रात्री दहापर्यंत उघडे राहील.